तेरा अक्षरांचा मासा

न्यूफाउंडलंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, ब्रूली कोव्हमध्ये,
बंबखान्याच्या वरच्या खोलीत दर मंगळवारी
मोठ्या माणसांचा वाचनवर्ग भरतो.
विद्यार्थी तीन. त्यातला एक हीटरपाशी बसून झोपतो.

डॉर्कस पार्डी, एकसष्ट वर्षांची,
चोवीस वर्षं मासळीच्या कारखान्यात कॉड चिरत होती.
बोटं अजून थंडीत वाकडी होतात,
पेन्सिल धरते ती सुरीसारखी, पातं खाली.

मिस ब्रशेट सांगते, हनुवटीखाली हात धर,
शब्द म्हण.
जबडा जितक्यांदा हातावर येईल तितके तुकडे.
डॉर्कस म्हणते, रिमेंबर. तीनदा.
डॉर्कस म्हणते, स्ट्रेंग्थ. एकदाच.
"आठ अक्षरं, आणि तुकडा एक?"
"स्वर एकच आहे ना आत."

आपलं बरं असतं. ज्याच्या पोटात स्वर नाही
त्या अक्षराचा आपण पाय मोडून दाखवतो.
तिकडे लंगडी अक्षरंही
धडधाकटांच्या रांगेत ताठ उभी असतात,
ओळखायचं वाचणाऱ्याने.

पण डॉर्कसला सुरी कळते.
दोन व्यंजनं शेजारी आली, मधून काप.
एस आणि एच एका पांघरुणात असतात, त्यांना हात लावू नकोस.
शेपटीकडून सुरुवात कर: ली, नेस, मेंट
आधी बाजूला काढ, मग डोकं,
उरतो तो मांसल भाग, अर्थ तिथे.
"मग हे मला चाळीस वर्षांपूर्वी
असं का नाही सांगितलं कुणी?"
मिस ब्रशेट खडू शोधत राहिली.

आज तिने बिस्किटांच्या डब्यातून पत्र आणलंय.
कारखाना बंद झाला त्या हिवाळ्यातलं.
एल्ड्रेडने वाचून दाखवलं होतं तेव्हा, दिव्याखाली, उभ्यानेच:
"कळवतायत की वसंतात परत बोलावतील."
दोन वसंत तिने रबरी बूट दाराशी ठेवले.
एल्ड्रेड गेला त्यालाही आता सहा वर्षं झाली.

पहिल्याच ओळीत तो शब्द, तेरा अक्षरांचा.
अन्. फॉर. च्यु. नेट. ली.
मधोमध फॉर्च्युन, म्हणजे नशीब,
आणि पुढे ते दोन अक्षरी अन्,
आपल्या अनर्थातलं, अनपेक्षितातलं असावं तसं.
एवढंसं डोकं, पण अख्खा मासा उलटा पडतो.

तेवढ्यात तिला दिसल्या रेघा.
पेन्सिलीच्या, पुसट, शब्दाच्या अंगावर उभ्या.
तीन अक्षरं, रेघ. तीन अक्षरं, रेघ.
कुंपणाचे खांब पावलांनी मोजून ठोकावेत तशा,
स्वर नाही पाहिला, सांधा नाही पाहिला,
आणि शेवटी एक वाय एकटाच उरलेला.

म्हणजे त्यालाही.

चर्चमध्ये स्तोत्रांचं पुस्तक उघडून उभा राहणारा,
दुकानात "चष्मा राहिला घरी" म्हणणारा,
मतपत्रिकेवर फार वेळ वाकणारा एल्ड्रेड.
ती झोपल्यावर कधीतरी
स्वयंपाकघरात बसून हा शब्द चिरत होता,
काट्यातूनच.

आणि वसंत?
तो त्याला कुठल्या ओळीत दिसला?
पत्रात कुठेच नाही. तिने दोनदा बघितलं, बोट ठेवून.

मिस ब्रशेटने खोडरबर पुढे केला.
डॉर्कसने घेतला नाही.
त्याच्या रेघा तशाच ठेवून खालून आपल्या चार काढल्या,
आणि तो उरलेला वाय
बारीक कमानीने शेजारच्या एलला जोडून दिला.

"पाच," ती म्हणाली.
हनुवटीखालचा हात मात्र तिने
बराच वेळ काढला नाही.