सात छिद्रांचा बर्नर

नागपूरच्या दुकानात त्यानं तीन काढून मांडले,
पितळेचे तिघं भाऊ, तोंडं आभाळाकडे.
थोरल्याला एकोणीस छिद्रं, मधल्याला सात,
धाकट्याला एकच, बॉलपेनच्या टोकाएवढं.
"मोठाच न्या मॅडम, उद्या काम वाढलं तर?"
मी आर्वीहून पहिल्या एस.टी.नं आलेली,
पिशवीत कॉलेजचा तुटका ब्युरेट, टॉवेलात गुंडाळलेला,
आणि कानात खोब्रागडे काका:
"आधी ऑक्सिजन पाह्य, मंग बर्नर पाह्य.
अंथरूण पाहून पाय, कुंदे,
अन् हवा पाहून जाळ."

बांगडीची काच मवाळ. साध्या जाळाचंही ऐकते.
बोरोची तशी नाही.
ती लाल होते आणि लालच राहते,
वाकत नाही, हट्टानं बघत बसते तुमच्याकडे.
तिला निळा, टोकदार, ऑक्सिजनवर पोसलेला जाळ लागतो.

माझा ऑक्सिजन मिनिटाला पाच लिटर.
दवाखान्याच्या लिलावात घेतलेलं मशीन,
अंगावर अजून चिकटपट्टी: खाट क्रमांक अकरा.
मी त्या खाटेचा विचार करत नाही.
म्हणजे रोज बटण दाबताना करते, मग करत नाही.

थोरला पाच लिटर एका घोटात पिऊन
पिवळा, आळशी जळेल.
धाकट्याच्या पोटातच वायू मिसळतात,
तो फुत्कारतो, आणि दाब पडला
की जाळ आत ओढून बंदुकीसारखा वाजतो.
आमच्याकडे दाब पडतोच.
लाइन जाते, मशीन उसासा टाकतं,
हातातली नळी अर्धी वितळलेली, अर्धी माझ्याकडे बघत.

मधला मुका आहे.
वायू त्याच्या ओठांबाहेर येऊन भेटतात.
पुरेल का? चाळीस मिलिमीटरच्या नळीला नाही पुरणार.
वरुडचा तो माणूस मोठा कंडेन्सर मागतो,
संत्र्याच्या सालीचं तेल काढायचंय म्हणतो,
शर्टाला मोहाचा वास.
त्याला नाही म्हणावं लागेल.
बरंच आहे.

मे महिन्यात सेहेचाळीस अंशांत
मी कूलर बंद करून बसते,
वाऱ्यानं ज्योत हलते म्हणून.
ओली ओढणी डोक्यावर, वीस मिनिटांत कोरडी.
गल्लीतल्या बाया म्हणतात, हिला चूल कमी पडली का.
काम झालं की ऑक्सिजन बंद करते,
नुसत्या गॅसच्या जाळात जोड फिरवत राहते
काळा होईपर्यंत.
काजळी धरली की काच हळू निवते, तडकत नाही.
तान्ह्या लेकराला लावतात तशीच काजळी,
पण ही पुसायची असते, बिल करण्याआधी.

"पावतीवर काय लिहू? बांगड्या?"
"काचकाम लिहा."
"म्हणजे न फुटणारी काच?"
"फुटते हो. फुटते म्हणून तर आले."

मधला घेतला. चारशे रुपये कमी करून दिले त्यानं,
थोरल्याकडे एकदा हळहळून पाहत.

संध्याकाळी काकांच्या ओसरीवर जोडला.
तीस वर्षं त्यांनी प्रयोगशाळेत चष्म्याविना जाळ पाहिला,
चष्म्याची मागणी दर जूनला लिहून देत,
आता डोळ्यांत दूध साचल्यासारखं.
काडी ओढली.
गॅस, मग ऑक्सिजन, थोडा, अजून थोडा.
सात निळे दाणे छिद्रांवर बसले.
मला वाटलं, झालं.
काकांनी मान कलती केली, जरा वेळ तसेच राहिले.
"ऑक्सिजन जास्त झाला."
"तुम्हाला दिसतंय?"
"दिसते कायले? वाजून राह्यला ना तो."
मला तर काहीच ऐकू येत नव्हतं.
मी चावी केसभर मागे घेतली.
"अजून," ते म्हणाले.