खळ

मुरबाडच्या बाजारात अजून कुणी विचारतं,
कुठल्या वाडीचा रे?
हेदूच्या वाडीचा, म्हणतो मी.
विचारणारा हातातली पिशवी उगाच चाळवतो.

नकाशावर तिथे आता चौकोन आहे,
तिरप्या रेघा मारलेला.
एकोणतीस घरं, विहीर, वाघोबाचा दगड,
सगळं रेघांच्या आत.

माझं काम त्या चौकोनाच्या पोटात.
रोजंदारी. सहाला गेटवर अंगठा,
मग खंदकात उतरायचं.
कागदी माणूस वर उभा करायचा,
शिट्टी झाली की खाली ओढायचा,
छातीतली भोकं मोजून
खळीने एकेकावर कागदाची टिकली लावायची
आणि पुन्हा वर.
खळ मीच शिजवतो. कणी रेशनची.

खंदक खणताना जेसीबीच्या दातांत चूल आली होती.
कुणाची, ते मी बोललो नाही.
सारवणात कोळशाची पूड कालवणारी
वाडीत चांगुणा म्हातारी एकटीच होती.

सुभेदार वाईट नाही. चहा पाजतो.
एकदा नव्या पोरांना निशाण सांगायला शिकवत होता:
सामने देखो. बारह बजे. अकेला पेड.
पोरं एका सुरात ओरडली, अकेला पेड!
मी खाली खळ ढवळत होतो.

तो काळू आगिवल्याचा आंबा.
लग्नातून परतताना सासऱ्याकडून मागून आणलेला,
वीतभर रोप, ओल्या फडक्यात.
घरी पोचल्यावर बायकोआधी रोपाला पाणी पाजलं
म्हणून मरेपर्यंत टोमणे खाल्ले काळूने.
त्याच्याखाली भांडणं तुटली, सोयरिकी जुळल्या,
माझ्या बहिणीला तिथेच विंचू चावला.
अकेला कधी होता तो?

लाल बावटा उतरला की तासभर मोकळीक.
बायका पितळ वेचायला येतात,
रिकाम्या पुंगळ्या, किलोवर जातात कल्याणला.
सोमी आपल्याच परसात वाकलेली दिसते.
मोहाची फुलं वेचताना वाकायची
तशीच, एक हात गुडघ्यावर.
फक्त आता आधी फुंकर मारते,
गरम असतात म्हणून.

पुनर्वसनात घरांना नंबर आहेत.
वाघोबाही मिळाला, सिमेंटचा, पिवळा रंगवलेला.
म्हातारे त्याला नारळ फोडतात,
नवस मात्र डोंगराकडे तोंड करून बोलतात.

यंदा आंब्याला मोहर आला,
गोळ्यांच्या बाजूला नाही, पाठीमागे.
शनिवारी टोपात खळ उरली होती.
फेकवेना. तांदळाची ती.
बावटा खाली होता, गेलो,
बुंध्यातल्या भोकांत बोटाने भरली जमेल तेवढी.
टिकल्या संपल्या होत्या.

सोमवारी सुभेदार दुर्बीण लावून म्हणाला,
अरे, पेड पर ये सफेद क्या है?
म्हटलं, बगळ्यांची शीट असेल, साहेब.