सहा तंबू

जेवणाच्या टेबलावर तीन कागद.
एकावर मिठाची बरणी, दुसऱ्यावर लोणच्याची,
तिसऱ्यावर काहीच नाही,
म्हणून एसीच्या झोतात तोच फडफडतोय.

पहिल्यात नव्वद खोल्या. पोहायचा तलाव,
काठावर आडवं पडलं की म्हणे रानरेडे दिसतात.
दुसऱ्यात तीस, आणि सोमवारी भारतीय जेवण.
तिसऱ्यात सहा तंबू. कुंपण नाही.
दहानंतर दिवे नाहीत.
आंघोळीला माणशी एक बादली, वीस लिटर,
चुलीवर तापवून फांदीला टांगलेली.

मी हसलो.
सव्वीस वर्षं बरक्याला समुद्रातून मीठ काढतोय मी.
एका पाळीत किती बादल्या, हा हिशेब मांडला होता एकदा,
अर्ध्यात सोडून दिला.
मार्चमध्ये नोकरी संपेल, मागोमाग व्हिसा,
मग ग्रॅच्युइटी, खोक्यांवर नावं, नाशिकचा फ्लॅट.
त्याआधी एकदा, वैजू म्हणाली,
विमान दुसरीकडे वळू दे.

खल्फानच्या आईला विचारायला मत्रात गेलो.
बीबी झुवेनांचा जन्म झांझिबारचा,
त्यांच्या अरबीत मधूनच दाताखाली येते स्वाहिली,
लवंगेसारखी.
तिन्ही कागद त्यांनी चष्म्याशिवाय पाहिले
आणि हलव्याखाली सारले.
सिंह मी एकदाही पाहिला नाही, म्हणाल्या,
बेटावर कुठला सिंह?
विहीर आठवते. पाण्याला आम्ही माजी म्हणायचो.

वैजूनं माझ्याकडे पाहिलं.
आमच्याकडे माजी म्हणजे, मी सांगायला गेलो,
आमदार, सरपंच, विद्यार्थी,
मार्चनंतर मी.
खल्फाननं अरबीत सांगितलं ते किती पोचलं कोण जाणे,
पण बीबी अशा हसल्या की कहवा सांडला गालिच्यावर.
मग पाणीच की तुम्ही, म्हणाल्या.

परतताना गाडीत मी वैजूचा गुडघा काढला.
रात्री दोनदा उठतेस तू.
कुंपण नाही म्हणजे तरस,
तरस म्हणजे
तरसाला माझा गुडघा नको असेल, ती म्हणाली.
आणि नव्वद खोल्यांतच राहायचं तर रुवी काय वाईट?
इतकी वर्षं भिंतीपलीकडचा फ्लश ऐकतेय,
कोणाचा, ते माहीत नाही.
सहाच घरं असली तर निदान नावं कळतील.
थोडं थांबून:
तुला भीती वाटते, तर तसं सांग ना.

मी सिग्नलकडे बघत राहिलो.
तो हिरवा झाला तरी.

तिसऱ्या कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात होतं:
रात्री तंबूबाहेर एकट्यानं पडू नये. शिट्टी वाजवावी.
कंदील घेऊन माणूस येईल.

वैजूनं कपाट उपसलं.
मुक्ताच्या शाळेच्या खेळांतली शिट्टी,
केशरी, दोरीला अजून क्लोरिनचा वास.
दिवे घालवले. एसी बंद केला.
आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा आमच्या घराचा आवाज आला:
गच्चीवरचा पंप, कुणाचा तरी खोकला,
फ्रिजच्या पोटातलं गुरगुरणं,
खाली कचऱ्याच्या डब्यापाशी मांजरांचं काहीतरी.
घाम मानेवरून उतरतानाही ऐकू येईल असं वाटलं.

मग तिनं वाजवली.
चौथा मजला, रात्रीचे अकरा.

आधी काहीच नाही.
मग जिन्यात चपला, थांबत, पुन्हा चढत,
आणि दारात जलील, इमारतीचा रखवालदार,
मोबाईलचा उजेड छातीशी धरून,
लुंगीची गाठ दुसऱ्या हातात.
काय झालं, कोण आहे, चोर?

वैजूनं त्याला पेलाभर पाणी दिलं.
तो पीत होता तोवर
मी तिसरा कागद गुडघ्यावर घेऊन भरू लागलो.
माणसं: दोन.
जेवण: शाकाहारी एक, दुसरा मिळेल ते.
व्यवसाय, असाही एक रकाना होता.
पेन तिथेच जरा रेंगाळलं.

जलील अजून दारातच.
पुन्हा वाजली तर यायचं का, विचारत होता.

दोनदा, वैजू म्हणाली. रोज रात्री दोनदा.