फुटामागं एक सूत

वाटणीत भावानं मोटारसायकल घेतली.
मी ती पेटी मागितली, तर हसला:
"गंज विकायला काढतीस व्हय?"

भिलवडीच्या घरात पुराचं पाणी आठ दिवस होतं,
पेटी खाटेखाली.
उघडली तेव्हा आतून कृष्णेच्या गाळाचा वास आला
आणि सगळं तांबूस, एकमेकांना चिकटलेलं,
थंडीत एका वाकळेत निजलेल्या पोरांसारखं.

रॉकेलच्या परातीत एकेक सोडवत गेले.
नावं ठाऊक होती ती आधी:
रंधा. गुण्या. खतकस.
तीन गोल पटाश्या, त्यातली एक
करंगळीच्या नखाएवढी.
एक चपटी, ट्रकच्या पाट्याची,
तासगावच्या लोहारानं ठोकलेली;
फरशीवर आपटली की घुमत नाही, टण्ण म्हणते.
मुठींवर तापल्या सळीनं डागलेलं: द. सु.
दशरथ सुतार, पलूसच्या फाउंड्रीत पॅटर्नमेकर,
एकतीस वर्षं.

एका सळीच्या दोन टोकांना दोन लोखंडी गोळ्या,
एक आवळ्याएवढी, एक वाटाण्याएवढी.
लहानपणी तिनं मी तेलाचा डबा वाजवायची.

आणि ही पोलादी पट्टी.
ऑफिसातल्या पट्टीशेजारी ठेवली.
दोन्हींवर चोवीस इंच,
पण ही दोन सूत लांब.
शून्याला शून्य लावलं. परत लावलं.
बापानं जन्मभर खोट्या पट्टीनं काम केलं
असं वाटून त्याची कीव आली,
मग कीव आल्याची लाज.

इलाही मुल्ला अजून आहेत, पलूस स्टेशनच्या वाटेवर,
एका डोळ्यात फूल पडलेलं.
पट्टीवरून नख फिरवत म्हणाले,
"दशरथ सागवानाचा नमुना करायचा,
मी वाळूत दाबायचो.
लाकूड काढून घ्यायचं, त्या पोकळीत बीड ओतायचं.
बीड निवताना आखडतंय, पोरी. फुटामागं एक सूत.
म्हणून पट्टी आधीच तेवढी लांब.
खोटी न्हाई ती. पुढचं धरून चालणारी हाय."

गोळ्यांची सळी त्यांनी न बघताच ओळखली:
तापवून मेण दाबायची, आतल्या कोपऱ्यात.
"कोपरा कोरा सोडला की वाळू तिथंच तुटती."
मग माझ्या पिशवीतला पॉलिश पेपर काढून
स्वतःच्या खिशात घातला.
"पट्टीला ह्ये लावू नको. रेघा गेल्या
की नुसतं लोखंड उरतंय.
रॉकेल, चिंधी अन् दम.
मुठीला जवसाचं तेल.
त्यो काळा डाग हाय न्हवं, त्यो घासू नको."
कशाचा डाग ते सांगितलं नाही.

परतीच्या एसटीत पट्टी मांडीवर आडवी होती
आणि मला दाराची चौकट आठवली.
दर जूनला मला तिथं ताठ उभी करून
तो पेन्सिलीनं रेघ मारायचा
आणि मापायचा ह्याच पट्टीनं.
दहावीला शाळेत भरले पाच फूट,
घरात पाच सूत कमी.
आई म्हणाली, शाळेचा मास्तरच चुकला असंल.
तो म्हणाला, "वाढंल अजून,"
आणि पेन्सिल कानावर ठेवून चहा मागितला.

त्याला ठाऊक असणार.
किंवा घरात दुसरी पट्टीच नव्हती,
तेही खरं.
विचारायला आता तो नाही, आणि चौकटही नाही;
पुरात फुगली, भावानं लोखंडी बसवली.

काल नखाएवढी पटाशी निसण्यावर धरली.
कोन चुकला. धार आली ती वाकडी.
मुल्लांना फोन केला तर म्हणाले,
"तुझ्या बापाचीबी पयल्या सालात वाकडीच यायची."

पेटीच्या तळाशी एक पितळी तुकडा आहे,
बोटभर, एका अंगाला खाच.
मुल्लांनी हुंगला, चाखून पाहिला,
मान हलवून परत दिला.
त्यालाही तेल लावून
चिंधीत गुंडाळून ठेवलाय.