आंबट

डोरीनने कुंपणावरून दिल्या
वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या गुलाबी दांड्या.
"रूबार्ब. पानं मी कापलीत. ती खायची नसतात हं,
विष असतं."
आणि मी, जिने जन्मभर
पानंच निवडली, देठ फेकले,
उभी राहिले सिंकपाशी, सुरी हातात,
सगळं उलटं.

इकडे वेकफील्डला अंधाऱ्या शेडमध्ये वाढवतात ती,
मेणबत्तीच्या उजेडात खुडतात.
बाहेर फेब्रुवारी, मातीला अजून दगडाचा आवाज.
एक दांडी चावून पाहिली.
दात आंबले.
अंबाडी! मी एकटीच मोठ्याने म्हणाले.

मग तुरीची डाळ, ज्वारीच्या कण्या,
मेथीचे चार दाणे. गूळ नेमका संपलेला,
आणि डॉक्टरांनी तसाही बंद केलेला.
लसणाची फोडणी वरून ओतली
तर स्मोक अलार्म बोंबलला.

डोरीन धावत आली, एका पायात चप्पल.
बसली. खाल्लं. डोळे घट्ट मिटले.
"आई कागदाच्या पुडीत साखर द्यायची,
जिन्यात बसून बुडवून बुडवून खायचो
कच्चीच."

साखर देऊ का, विचारलं.
नको म्हणाली,
आणि पातेलं
स्वतःकडे ओढलं.