न्यूटन बुद्रुक

फुलांची व्हॅन घेऊन पोचलो न्यूटनला,
तर चर्चला कुलूप. ना काळे कोट, ना गाड्या.
कुंपण कातरणारा एक म्हातारा
कात्री न थांबवता म्हणाला,
'चुकलास. तुझं न्यूटन दलदलीपलीकडचं.
गेल्या वर्षी तर इथं नवरी उतरली होती,
पांढऱ्या झग्यासकट.'

न्यूटन म्हणजे नवं गाव. सफरचंदाशी संबंध नाही.
या एका परगण्यात तीन,
आणि सगळ्यांत नव्याला आठशे वर्षं झालेली.
'मग जुनं कुठंय?'
त्यानं कात्रीनंच दाखवलं: बीटाचं एक शेत.
नांगराला अजून चुलीचे दगड लागतात म्हणे.

आमच्याकडे बरं असतं.
थोरलं ते बुद्रुक, धाकटं ते खुर्द,
मधल्या ओढ्यावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडण,
पण पोस्टमन चुकत नाही.
इथं जो तो आपापल्या जागी नवा.

पुष्पचक्रावरचं कार्ड त्यानं ओठ हलवत वाचलं.
'डोरीन. आमच्यातही आहे एक, डोरीन ऑलगुड,
शाळेची घंटा वाजवायची.
तिच्याकडे कुणी येत नाही.'
आणि वळला कुंपणाकडे,
जणू काही मागितलंच नव्हतं.

मी चक्रातलं एक कार्नेशन उपसलं,
शेवाळल्या दगडापाशी ठेवलं,
उरलेली पानं बोटांनी जवळ ओढली.

दलदलीपलीकडे अकरा मिनिटं उशिरा पोचलो.
कुणी फुलं मोजली नाहीत.
काळ्या हातमोज्यातल्या एका बाईनं फक्त
माझ्या बाहीवरचा
कुंपणाचा हिरवा चुरा झटकला.