सुट्या भागांचा इतिहास

संग्रहालयात ती काचेमागे उभी आहे.
टायरला माती नाही, टाकीवर कुणाचं पोट टेकलेलं नाही,
पाटीवर सन, वजन, अश्वशक्ती.
ठीक आहे. पण मला विचाराल तर
सहाशेचा इतिहास म्हणजे कधी काय मोडलं तो,
आणि तो मी सांगतो, उएमात्सु,
हमामात्सुत, स्टेशनामागच्या गल्लीत,
छत्तीस वर्षं या काउंटरच्या अलीकडे उभा.

पहिल्या वर्षी मोडायचा क्लचचा दांडा.
गाडी हलकी, पोरं तिच्याहून हलकी.
सिग्नलला उभी असतानाच आडवी व्हायची
आणि पोरं मान खाली घालून यायची,
जणू दांडा नाही, घरातली बशी फुटलीय.

तेव्हा चार कार्ब्युरेटर होते.
चार कार्ब्युरेटर म्हणजे एका चुलीवरच्या चार जावा,
एकीचं मन राखावं तर दुसरी फुरंगटते.
हिवाळ्यात एनशूचा कोरडा वारा सुटला
की चौघी मिळून खोकायच्या.
मी पाऱ्याच्या नळ्या लावून बसायचो,
पाणी ओतलेला चहा गार व्हायचा.

मग इंजेक्शन आलं. जावा वेगळ्या निघाल्या.
घरात शांतता.
त्या शांततेत माझा अर्धा धंदा बुडाला,
हे पाटीवर नाही.

दर दोन वर्षांनी ती नव्यानं जन्मायची:
दिवे बारीक, शेपूट वर,
लाल रेघ आणखी हजार फेऱ्यांनी पुढं.
शेजारच्या कंपनीनं दोन किलो उतरवले
की आमची तीन उतरवायची.
दोघींच्या भांडणात मजा पोरांची,
आणि डाव्या-उजव्या फेअरिंगची रास माझ्या माळ्यावर.

हायातेला मी उजवी फेअरिंग तीनदा विकली.
तेन्र्यूच्या काठाकाठानं वर जायचा दर रविवारी,
उजव्याच वळणावर पडायचा.
"डावीकडं पडून बघ एकदा," मी म्हणालो,
"डाव्या धूळ खात पडल्यात."
हसला. पैसे मोजून दिले, सगळी नाणी.

पुढं आलाच नाही.
दोन हिवाळे.
मग एक दिवस त्याची आई दारात,
हातात घडी घातलेला कागद,
आणि माझे हात काउंटरखालीच राहिले.
ती म्हणाली, "चेन आणि दोन्ही चक्रं.
हायाते तोक्योत विमे विकतो.
गाडी मी चालवते."

चहाच्या मळ्यात, पहिल्या खुडणीच्या दिवसांत,
पहाटे साडेचारला, मागं टोपली बांधून.
बाई साठीची. पाय पुरत नाहीत
म्हणून बैठकीचा स्पंज स्वतः कापलेला, भाकरीसारखा गोल.
बारा हजार फेऱ्यांवर जागं होणारं ते इंजिन
चार हजारांवर चढण चढतं
आणि कुरकुर करत नाही, ती सांगते.
शर्यतीसाठी ज्यांनी ते घडवलं
त्यांना हे कळवावं असं फार वाटलं.
कळवलं नाही.

मग युरोपात धुराचे नियम कडक झाले,
विम्याचे हप्ते चढले, पोरं मोबाईलकडे वळली.
तिकडं विक्री थांबली, मग इकडं,
मग फक्त ट्रॅकसाठी, आरसे आणि दिव्यांशिवाय,
डोळे काढून घेतल्यासारखी.
रात्री फॅक्स यायचे:
या क्रमांकाचा पुरवठा बंद.
या क्रमांकाचा पुरवठा बंद.
कागद संपला तरी यंत्र किरकिरत राहायचं.

काल ती आली. टायमिंग चेनचा टेन्शनर.
खणात एकच होता, सात वर्षं जपलेला.
एका संग्राहकानं तिप्पट देऊ केले होते;
त्याची गाडी सुरूच होत नाही, करायचीही नाही.
मी छापील किमतीला दिला.
तिनं जुना पिशवीतून काढून ठेवला,
घासून चकचकीत, दातरे बोथट.
"राहू दे तुमच्याकडं, कुणाला मापाला लागेल."

तो मी रिकाम्या डबीत ठेवला
आणि वहीत, शिल्लकच्या रकान्यात,
शून्य लिहिता लिहिता
एक लिहिला.